तिजोरीत पैसे, तरी पगार थकलेला: नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेने अंदाजपत्रक कसं तपासलं

हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचं आहे. शहर ओळखू येऊ नये म्हणून नाव, अधिकाऱ्यांची माहिती आणि रुपयांतले आकडे गाळले आहेत. या आढाव्याच्या बैठकांना मी लेखाविषयक सल्लागार म्हणून बसत होतो. छोट्या शहरांच्या पैशाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा भ्रष्टाचार किंवा निधीची टंचाई या दोनच गोष्टींवर येऊन थांबतो. इथे मुख्य दुखणं तिसरंच होतं आणि ते अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर, जमेच्या बाजूला होतं.

पार्श्वभूमी

नगरपरिषद ब वर्गाची, म्हणजे लोकसंख्या 40,000 ते 1 लाख. नोकरी-धंद्यासाठी रोज नागपूरला जाणारे इथे पुष्कळ आणि हमरस्त्यालगत दरवर्षी नवे लेआउट पडतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली. तेव्हापासून राज्याकडून सहायक अनुदान येतं आणि ते बहुतांशी कायम कर्मचाऱ्यांच्या पगारात जातं. त्याशिवाय योजनांचा पैसा. त्यात 2021-26 या काळासाठीचा केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाचा निधी महत्त्वाचा होता, पण नगरपरिषदांसारख्या संस्थांच्या बाबतीत त्यातला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नव्हता.

1965च्या नगरपरिषद अधिनियमानुसार अंदाजपत्रक मुख्याधिकारी लेखापालाच्या मदतीने तयार करतात, ते स्थायी समितीपुढे जातं आणि फेब्रुवारीअखेर सर्वसाधारण सभेत मंजूर होतं. मात्र या काळात सभाच नव्हती. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली होती आणि निवडणुका लांबल्या होत्या. त्या अखेर डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. तोपर्यंत सभेचे आणि समितीचे अधिकार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे होते. नगरसेवकांच्या सभेत आरडाओरडा होतो, वेळ जातो, हे सगळं खरं. पण "गेल्या वर्षी या रस्त्याला तरतूद होती, ती गेली कुठे?" असं उभं राहून विचारणारं कोणीतरी तिथे असतं. प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रक एका टेबलावर तयार होत होतं आणि शेजारच्या टेबलावर मंजूर होत होतं.

तयार करण्याची पद्धत जुनीच होती. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात दहा टक्के वाढवायचे आणि शेवटी थोडी शिल्लक दिसेल असं जुळवायचं.

अडचण

ऑक्टोबर 2023. दिवाळी 12 नोव्हेंबरला होती आणि कंत्राटी सफाई कामगारांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. कंत्राटदार म्हणे, देयक निघालं नाही. लेखा विभाग म्हणे, सामान्य निधीत पैसे नाहीत. पथदिव्यांचं वीजबिल थकलं होतं आणि जोडणी तोडण्याची नोटीस आली होती. नाल्या दुरुस्त करणारे छोटे ठेकेदार रोज सकाळी येऊन बाकावर बसत.

त्याच वेळी रोकड वहीत सगळ्या बँक खात्यांची एकूण शिल्लक चांगली भरघोस होती. कामगारांच्या प्रतिनिधीने सरळ विचारलं, "बँकेत एवढे पैसे पडून आहेत, मग आमचा पगार का नाही?" त्याला नीट उत्तर देता आलं नाही आणि आढाव्याला सुरुवात झाली ती यामुळे.

पहिल्या बैठकीत लेखापालांनी प्रत्येक खात्यासमोर एकच गोष्ट लिहिली: हा पैसा कोणाचा? योजनांचा बंधित निधी एका बाजूला काढला. ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी आणि अनामती दुसऱ्या बाजूला, कारण त्या परत द्यायच्या असतात. कामं झाली पण देयकं निघायची आहेत असा योजनांचा पैसा तिसऱ्या बाजूला. हे सगळं वजा केल्यावर नगरपरिषदेला आपल्या मर्जीने खर्च करता येईल अशी रक्कम कामगारांच्या एका महिन्याच्या पगारालाही पुरत नव्हती. अंदाजपत्रकात आरंभीची शिल्लक म्हणून मात्र सगळी रक्कम एकत्र दाखवलेली होती. वर्षाच्या पहिल्या दिवशीच हातात नसलेला पैसा हाताशी आहे असं धरून खर्चाच्या तरतुदी केल्या होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. मालमत्ता कराचं अंदाजित उत्पन्न म्हणून चालू मागणी, म्हणजे त्या वर्षी आकारलेला कर, आणि जुनी थकबाकी यांची पूर्ण बेरीज धरली होती. उदाहरणादाखल सांगतो. चालू वर्षाची मागणी 100 रुपये आणि थकबाकी 80 रुपये असेल, तर अंदाजपत्रकात जमा 180 दिसणार. वसुली दरवर्षी 90च्या आसपास होत असेल, तर उरलेल्या 90 रुपयांचं काम कागदावर मंजूर होतं, निविदा निघते, काम होतं आणि देयक मात्र अडकतं. न भरलेल्या रकमेवर कायद्याने दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, त्यामुळे थकबाकीचा आकडा फुगत जातो आणि पुढच्या वर्षीचं अंदाजित उत्पन्न आणखी गोंडस दिसतं. वसुली जितकी वाईट, तितकं अंदाजपत्रक मोठं. हे अनेक वर्षं चाललं होतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघत, अनुपालनात "वसुलीचे प्रयत्न सुरू आहेत" असं लिहून जात असे.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: सर्व लेखाशीर्षांवर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या प्रत्येक बाबीवर, सरसकट दहा टक्के कपात. एका परिपत्रकात काम झालं असतं. पण पगार, वीज आणि कर्जाचे हप्ते यांत कपात होत नाही, मग ती सगळी दुरुस्ती-देखभालीवर येऊन पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा पंपाची दुरुस्ती टाळून वाचवलेले पैसे मे महिन्यात टँकरवर दुपटीने जातात. हा पर्याय मागे पडला ते योग्यच झालं.

दुसरा पर्याय फार मोहाचा होता. वित्त आयोगाच्या खात्यातून तात्पुरती उचल घ्यायची, दिवाळीआधी पगार करायचे आणि मार्चच्या वसुलीतून परतफेड करायची. कामगारांची घरं डोळ्यांसमोर असताना याला विरोध करणं सोपं नव्हतं. लेखापालांनी मात्र नस्तीवर, म्हणजे फाइलवर, लेखी असहमती नोंदवली. कारण दोन वाक्यांत होतं: हा निधी पगारासाठी वापरता येत नाही, आणि मार्चमध्ये ज्या वसुलीतून तो भरायचा म्हणता ती वसुली गेल्या कोणत्याच वर्षी झालेली नाही. त्यांच्या या टिपणाने पुढचं सगळं वळण ठरलं, असं माझं मत आहे. उसनवारी झाली असती तर दिवाळी पार पडली असती आणि प्रश्न तिथेच झाकला गेला असता.

तिसरा पर्याय करवाढीचा. चार वर्षांनी करायची कर आकारणी बरीच लांबली होती, त्यामुळे मागणी खरोखरच कमी होती. पाणीपट्टी नळामागे वर्षाला ठरावीक होती आणि पाणी उचलण्याचं वीजबिलही तिच्यातून निघत नव्हतं. प्रशासकांना दर वाढवण्याचा अधिकार होता. तरी त्यांनी तो त्या वर्षी वापरला नाही. ज्या नोंदवहीत पाडलेल्या घरांची नावं आहेत आणि नव्या मजल्यांची नाहीत, तिच्यावर दर वाढवले तर बोजा जे नियमित भरतात त्यांच्यावरच पडतो, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मात्र पाणीपट्टीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.

चौथा पर्याय निवडला गेला: जमेचा खरा आकडा आधी ठरवायचा, मग मोठ्या तीन खर्चांची ओळीने तपासणी करायची आणि तोपर्यंत देयकं कोणत्या क्रमाने निघतील ते जाहीर करायचं.

काय केलं

देयकांचा क्रम सगळ्यात आधी लावला, कारण तो दुसऱ्या दिवशीपासून लागू करता येत होता. पहिला हक्क कामगारांच्या पगाराचा आणि भविष्य निर्वाह निधीचा, मग वीज आणि पाणीशुद्धीकरणाची रसायनं, मग बाकी देयकं तारखेप्रमाणे, जुनं आधी. यादी सूचना फलकावर लावली. ठेकेदारांपैकी ज्यांची ओळख चालायची ते नाराज झाले आणि ज्यांची चालत नव्हती त्यांनी बाकावर येऊन बसणं बंद केलं. गाळेधारकांकडची थकीत भाडी नोटिसा देऊन गोळा केली आणि दिवाळीआधी एका महिन्याचा पगार झाला. दुसऱ्या महिन्याचा डिसेंबरात झाला.

सफाईच्या कंत्राटात देयक माणशी दिवसाप्रमाणे निघत होतं. हजेरीपत्रक कंत्राटदाराचा मुकादम भरायचा. तपासणीत प्रत्येक महिन्याच्या देयकातली कामगारसंख्या भविष्य निर्वाह निधीच्या चलनाला जोडलेल्या यादीशी ताडून पाहिली. काही महिन्यांत देयकातली माणसं जास्त होती आणि यादीतली कमी. आता याचे दोन अर्थ होतात. एकतर ती माणसं कामावर नव्हतीच, किंवा होती पण त्यांचा निधी भरला जात नव्हता. दुसरा अर्थ खरा असेल तर रक्कम कापणं म्हणजे कामगारालाच दुसऱ्यांदा मारणं. म्हणून आरोग्य निरीक्षकांनी आठवडाभर पहाटे हजेरीच्या ठिकाणी उभं राहून नावं आणि आधार पाहिले. दोन्ही प्रकार निघाले. जी माणसं नव्हती त्यांची रक्कम कंत्राटदाराचं म्हणणं ऐकून वसूल केली, आणि जी होती त्यांचा निधी भरल्याचं चलन येईपर्यंत पुढचं देयक थांबवलं. एकही कामगार कमी केला नाही.

विजेचा भाग मला सगळ्यात शिकवणारा वाटला. तोपर्यंत वीजबिल म्हणजे आलं की भरायचं, असा समज होता. विद्युत पर्यवेक्षकांनी सगळ्या जोडण्यांची यादी केली आणि प्रत्येक ग्राहक क्रमांक घेऊन मीटर शोधायला निघाले. काही क्रमांक आटलेल्या कूपनलिकांचे निघाले. मोटर कधीच काढून नेलेली, पण स्थिर आकार दरमहा जात होता. एक मीटर एका समाजभवनाचं होतं आणि ते भवन भाड्याने देऊन भाडं दुसरंच कोणी घेत होतं.

मोठी गळती पंपघरात होती. राज्यात 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब जोडण्यांचं बिल साध्या युनिटऐवजी केव्हीएएच या मापावर होतं. सोप्या भाषेत, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी आली याचं प्रमाण) 0.8 असेल तर 80 युनिटांचं काम झालं तरी बिलात 100 मोजले जातात. तो एकाच्या जवळ ठेवण्यासाठी कपॅसिटरचं पॅनेल असतं. आम्ही पंपघरात गेलो तेव्हा ते पॅनेल भिंतीला होतं, पण त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता आणि वर डबा व टॉवेल ठेवला होता. तिथला ऑपरेटर म्हणाला, "हाव जी, हे तं दोन उन्हाळे झाले, बंदच हाये. सांगतलं होतं मी." त्याने खरंच सांगितलं होतं. पाणीपुरवठा विभागात त्याचा अर्ज सापडला, त्यावर "तरतूद नाही" असा शेरा होता. दुरुस्तीचं लेखाशीर्ष पाणीपुरवठ्याकडे, बिलाचं लेखाशीर्ष विद्युत विभागाकडे. एकाने खर्च टाळला आणि दुसऱ्याने कितीतरी जास्त भरला. दोन्ही विभागांचे आकडे एका कागदावर आणणारं कार्यालयात कोणी नव्हतं. लेखाशीर्षांत पुनर्विनियोजन करून, म्हणजे एका बाबीची तरतूद दुसरीकडे वळवून, पॅनेल बदललं आणि बंद जोडण्या रीतसर परत केल्या.

वसुलीचं वेळापत्रक हा पुढचा निर्णय. दरवर्षी जोर मार्चमध्ये असतो. पण 2024 मध्ये लोकसभा निवडणूक येणार हे उघड होतं, आणि निवडणूक लागली की वसुली लिपिकांपासून शिपायांपर्यंत सगळे त्या कामाला जातात. म्हणून मोहीम डिसेंबरात सुरू केली. थकबाकीदारांचे तीन गट केले: भरू शकतात पण भरत नाहीत ते, ज्यांच्या आकारणीवरच वाद आहे ते, आणि ज्यांची मालमत्ताच आता अस्तित्वात नाही ते. पहिल्या गटाला नोटीस आणि मग जप्तीचं वॉरंट. दुसऱ्या गटातली प्रकरणं लोकअदालतीत नेली. तिसऱ्या गटाची पाहणी करून ती नावं कमी करण्याचा प्रस्ताव तयार केला. आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि नागपूर व रामटेकचं मतदान 19 एप्रिलला पहिल्याच टप्प्यात होतं, त्यामुळे मार्चचा दुसरा पंधरवडा अपेक्षेप्रमाणे वाया गेला. तोवर मोहिमेचा मोठा भाग उरकला होता.

फेब्रुवारी 2024 मध्ये 2024-25चं अंदाजपत्रक आलं ते आधीच्या वर्षापेक्षा लहान होतं. मालमत्ता कराची जमा मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीच्या सरासरीवर धरली. बंधित आणि मुक्त शिल्लक वेगवेगळ्या रकान्यांत आली. हे करण्यावर बरीच ओढाताण झाली. लहान अंदाजपत्रक म्हणजे विकास थांबला, असा अर्थ लावला जाईल ही भीती खोटी नव्हती. स्थानिक बातम्यांत तसं आलंच. प्रशासकांनी उत्तरादाखल एका पानाचा तक्ता मराठीत छापून नगरपरिषदेच्या दारात लावला: किती येणार, त्यातलं किती आधीच बांधलेलं, उरलेल्यातून कोणत्या प्रभागात काय.

परिणाम

पुढच्या वर्षात कामगारांचा पगार एकदाच लांबला. वीजबिलात हिवाळ्यात स्पष्ट घट दिसली. मे-जूनमध्ये पंप जास्त तास चालल्याने ती कमी झाली, पण पुसली गेली नाही. चालू मागणीची वसुली सुधारली. जुनी थकबाकी फारशी हलली नाही, आणि अस्तित्वात नसलेल्या मालमत्तांच्या मृत नोंदी कमी करण्याचा प्रस्ताव बराच काळ टेबलावरच राहिला, कारण रक्कम माफ केल्याचा ठपका कोणालाच नको असतो. ठेकेदारांची जुनी देयकं तारखेच्या क्रमाने निघत गेली, तरी सगळी संपली नाहीत.

वित्त आयोगाच्या अटींच्या बाबतीत एक फायदा झाला. लेखापरीक्षित हिशेब वेळेवर जाहीर करणं आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवणं, या अटींवर अनुदान मिळत होतं. मागणी-वसुली-बाकीचं पत्रक स्वच्छ झाल्याने ही माहिती देताना पूर्वीसारखी धावपळ झाली नाही.

दरमहाची आढावा बैठक मात्र टिकली नाही. लोकसभेच्या काळात ती बंद पडली, नंतर मुख्याधिकारी बदलले आणि काही महिने ती झालीच नाही. त्या काळात दोन देयकं क्रम मोडून निघाली.

काय वेगळं करता आलं असतं

बैठक हा प्रशासकांच्या तोंडी आदेशावर चाललेला उपक्रम होता. ती पहिल्याच महिन्यात लेखी ठरावाने बांधायला हवी होती: कोण बोलावणार, कोणती तीन पत्रकं समोर येणार, इतिवृत्त कुठे लागणार. बदली होणारच हे सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा रचना बदलीला धरूनच करायची असते.

आढावा ऑक्टोबरात सुरू झाला हेही उशिरा होतं. कराची बिलं वाटून झाली की जुलैतच पहिल्या तिमाहीची वसुली कळते आणि वर्षभराचा कल त्यात दिसतो. तेव्हाच खर्चाला लगाम घातला असता तर पगार थकण्याची वेळ कदाचित आली नसती.

पाणीपट्टीचा निर्णय माझ्या मते चुकला. मालमत्ता कराची नोंदवही सदोष होती म्हणून ती वाढ थांबवणं बरोबर होतं. पण नळजोडण्यांची यादी बऱ्यापैकी शुद्ध होती. प्रभागनिहाय सभा घेऊन, पाणी उचलायला किती खर्च येतो आणि पट्टीतून किती निघतो हे लोकांसमोर ठेवून थोडी वाढ करता आली असती. दिवसाआड पाणी येणाऱ्या भागातल्या बायका टँकरचा हिशेब कोणत्याही लेखापालाइतका चोख सांगतात. त्यांना विचारलंच गेलं नाही. निवडून आलेली सभा नसताना दर वाढवू नये हे प्रशासकांचं तत्त्व आदरणीय आहे, पण सभा नाही म्हणून नागरिकांशी बोलणंही थांबवायचं कारण नव्हतं.

आणि पंपघराचा ऑपरेटर. या आढाव्यातली सगळ्यात मोठी बचत त्याच्या अर्जात आधीच लिहिलेली होती. पहिल्या बैठकीला विभागप्रमुख होते, लेखापाल होते, सल्लागार म्हणून मी होतो. पंप चालवणारा, वसुलीला दारोदार जाणारा आणि पहाटे हजेरी घेणारा यांतलं कोणी नव्हतं. नव्या सभागृहापुढे पुढच्या आढाव्याचा जो मसुदा गेला आहे, त्यात या तिघांसाठी जागा धरली आहे आणि "तरतूद नाही" असा शेरा मारलेल्या वर्षभरातल्या सगळ्या अर्जांची यादी अंदाजपत्रकासोबत जोडावी, असं एक कलम आहे. ते मंजूर व्हावं म्हणून आम्ही काही जण पाठपुरावा करत आहोत.